बनात कोणी जात नाही

माती खोटं बोलत नाही, हे वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी भूसाक्ष न्यायाधिकरणासमोर युक्तिवाद करताना मी ते बोलले. निकालपत्रात ते माझ्या नावानिशी छापून आलं, मग कायद्याच्या पुस्तकांत गेलं आणि एका आश्रमशाळेच्या भिंतीवरसुद्धा जाऊन बसलं. आपलं वाक्य असं फिरताना दिसलं की वकिलाला बरं वाटतं. मलाही वाटलं. आज मला ते परत हवं आहे. पण कोर्टात बोललेलं परत घेता येत नाही, हे मीच माझ्या अशिलांना बावीस वर्षं बजावत आले आहे.

मी इंदू ढवस, पांढरकवड्याला वकिली करते. माझे बहुतेक अशील कोलाम आदिवासी. पंधरा-वीस घरांच्या त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. अशा पोडांचे वनहक्काचे दावे लढवण्यात माझे केस पांढरे झाले. दाव्यात वहिवाट सिद्ध करावी लागते आणि कागद कोलामांकडे कधीच नव्हते. एखादा म्हातारा साक्षीला उभा राहायचा. समोरचा वकील विचारायचा, "कोणत्या सालापासून?" म्हातारा सांगायचा, "माया आज्याच्या टायमापासून." की झाली साक्ष. असे दावे ढिगानं पडत होते. मग ते यंत्र आलं.

माणूस जिथे वावरतो तिथे तो थोडाथोडा सांडत असतो. कातडीचे कण, केस, घाम, थुंकी, पोटातले जंतू. या सगळ्यात डीएनए असतो, आणि चिकणमातीचे बारीक पदर त्याचे तुकडे शेकडो वर्षं धरून ठेवतात. चुलीची राख आणि शिजलेल्या धान्याचे कणही असेच उरतात. ते किती जुने हे सांगायला वाळूचे कण असतात. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला, उजेडाला मुकला, की त्या दिवसापासून आसपासच्या मातीतला किरणोत्सार त्याच्यात थोडीथोडी ऊर्जा भरत राहतो. त्याच्यावर पुन्हा प्रकाश टाकला की ती ऊर्जा मंद चमकून बाहेर पडते. चमक जितकी जास्त, तितका तो कण जुना. पूर्वी या तपासण्यांना प्रयोगशाळेत महिने लागत. नव्या यंत्राला चाळीस मिनिटं पुरायची. शेळीच्या करडाएवढं, सहा पायांचं ते यंत्र एकटंच चालत जायचं आणि जमिनीत नळी खुपसून माती वाचायचं. सोबत माणूस चालत नसे, कारण माणसाच्या नुसत्या श्वासानंसुद्धा नमुना बिघडतो. पोडावरच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं खेकडा.

पहिल्याच दाव्यात खेकड्यानं चारशे वर्षांची राख शोधून दिली. सरकारी वकील बघत राहिले. त्या जोरावर मी मागणी केली, की जिथे मातीची साक्ष मिळते तिथे माणसांच्या तोंडी साक्षी विचारात घेऊ नयेत. माझ्या म्हाताऱ्यांची उलटतपासणीत होणारी फजिती मला कायमची थांबवायची होती. नियम झाला. पुढच्या सहा वर्षांत मी एकोणीस दावे जिंकले आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

विसावा दावा सावरपोडचा.

पैनगंगेच्या अलीकडच्या डोंगरात हे पोड आहे. मागच्या उतारावर शंभर एकरांचं दाट जंगल, पोडाचं देवबन. त्या डोंगराच्या पोटात चुनखडी निघाली आणि एका सिमेंट कंपनीनं भोकं पाडायची गाडी बनाच्या शिवेवर आणून उभी केली. गाडीपुढे बारा बाया आडव्या झाल्या. त्यांची पुढारी मैना आत्राम, पोडाच्या नाईकाची, म्हणजे प्रमुखाची, मुलगी, वय सव्वीस, वनहक्क समितीची सचिव. पोलीस आले तेव्हा बाकीच्या बाया पोडाकडे पांगल्या. मैनेच्या तिन्ही बाजूंना पोलीस आणि पाठीमागे बन. ती जागची हलली नाही. ज्या फौजदारानं तिला पकडलं तोच मला नंतर म्हणाला, "मॅडम, दोन पावलं मागं सरली असती ना, तर त्या झाडीत आम्हाला जन्मात सापडली नसती. काय डोकं म्हणावं पोरीचं!"

मलाही तेव्हा तिचं नवल वाटलं. तेव्हाच मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता.

मैनेवर राष्ट्रीय प्रकल्पाला अडथळा आणि सरकारी वनात बेकायदा घुसखोरी असे गुन्हे लागले. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सोडवायचा रस्ता एकच होता. बन पोडाचं ठरलं, तर मैना आपल्याच जागेवर उभी होती असं ठरत होतं आणि गुन्हा उरतच नव्हता.

तिचा बाप लेतू नाईक माझ्या ऑफिसात आला, सोबत त्याची थोरली बहीण भुरीबाई. मैनेची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून या आत्यानंच तिला वाढवलेलं. लेतू खुर्चीवर बसला, भुरीबाई दाराशी उकिडवी.

"बन तुमचंच ना?" मी विचारलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"पयलेपासून. देवानं आमच्या हवाली केलं तवापासून."

"मग झालं तर. खेकडा आणू."

लेतूनं पागोटं सारखं केलं. "बनात मानूस जाईन का त्याच्या संगं?"

"छे! मशीन एकटीच जाते."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "मशीन शहानी दिसते."

मी हसले आणि त्याच दिवशी अर्ज टाकला. मातीची साक्ष घ्यावी, असा माझ्या सहीचा अर्ज. कंपनीच्या वकिलांनी, गोविलकरांनी, एका शब्दानंही हरकत घेतली नाही. या माणसानं माझ्याविरुद्धच्या आधीच्या प्रत्येक दाव्यात तारखांवर तारखा मागितल्या होत्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

खेकडा आला त्या सकाळी आम्ही सगळे शिवेच्या दगडांपाशी उभे होतो. शेंदूर लावलेले सात दगड. पेरणीआधीची पूजा तिथेच होते. दगडांच्या पलीकडे जंगल असं भरलं होतं, की एवढं फिरूनही मी तसं कुठे पाहिलं नव्हतं. धावड्याचे बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे. कुठे तोडीची खूण नाही, गुराचं शेण नाही, पायवाट नाही. खेकडा दगड ओलांडून आत गेला. भुरीबाईनं मला कोरा चहा दिला.

"काय राखलंय हो तुम्ही!" मी लेतूला म्हटलं. "मोहफुलं वेचायला कोणत्या बाजूनं जाता?"

लेतू माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काहीतरी अचकट विचकट बोलले होते.

"बनात कोनी जात नाई, वकीलबाई."

"म्हणजे फुलांना नाही. पण कंद, लाकूड, औषध...?"

"कोनीच नाई. कायलेच नाई. शेळी गेली त शेळी सोडून देतो. वाऱ्यानं फांदी पडली तरी दगडाच्या इकडं पडली तेवढीच आमची." त्याचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "माया बाप नाई गेला, आजा नाई गेला. आत देव राहाते. त्याच्या घरात आपन पाय टाकाव का?"

मी चहा खाली ठेवला. आत गेलेल्या यंत्राला परत बोलवायचा अधिकार मला नव्हता. त्याचं वाचन त्याच क्षणी न्यायाधिकरणाकडे आणि दोन्ही पक्षांकडे जात होतं. आता मैना मागे का सरली नाही ते मला कळलं. गोविलकरांनी हरकत का घेतली नाही तेही कळलं. हा प्रश्न त्यांनी आधीच कोणाला तरी विचारून घेतला होता. त्यांनी त्यांचं काम केलं होतं, मी माझं केलं नव्हतं.

चौसष्ट ठिकाणचे नमुने. दीड मीटर खोलीपर्यंत, म्हणजे अंदाजे दोन हजार वर्षं. मानवी अंश शून्य. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टर इनामदार तरुण आणि भल्या होत्या. त्यांनी मला फोन करून सांगितलं की इतकी निर्मळ जमीन राज्यात दुसरी नोंदलेली नाही. त्यांना आनंद झाला होता. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसले.

नियमात एक फट होती. दावेदारानं ठरावीक जागा दाखवली, तर पंधरा दिवसांच्या आत तिथले जादा नमुने घेता येत. मी सावरपोडला गेले आणि घरोघर फिरले. बावीस वर्षांच्या वकिलीत मी कधी असं काम केलं नव्हतं. मी पाप केलेला माणूस शोधत होते.

"कधी लहानपणी, चुकून? बोरांसाठी? लपाछपी खेळताना?"

"नाई वो बाई," प्रत्येक घरात उत्तर. "आमी तसे नाई."

"कोणी दुसरं गेलेलं माहीत असेल? नाव नका सांगू, जागा सांगा."

ते दुखावले जात होते. आपली वकीलबाई आपल्यावर आळ घेते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एका म्हाताऱ्यानं तर मला देवाची शपथ घालून सांगितलं, की त्याच्या घराण्यात सात पिढ्यांत असं कोणी केलं नाही. त्याला वाटलं, हे ऐकून मी खूश होईन.

तेराव्या दिवशी दुपारी भुरीबाई एकटी बसनं पांढरकवड्याला आली. लुगड्याचा पदर तोंडावर धरून दाराशीच बसली.

"कोनी गेलं असन त पोट्टी सुटते का?" तिनं विचारलं.

"सुटू शकते."

"मंग मी गेलती."

बावन्न वर्षांपूर्वी. ती सतराची, लग्न होऊन वर्ष झालेलं, सातवा महिना. बाजारावरून एकटी परत येताना शिवेपाशी कळा सुरू झाल्या आणि त्याच वेळी गारपीट. उघड्यावर डोकं फुटेल अशा गारा. ती दगड ओलांडून दोनशे पावलं आत गेली, बुंधे जुळून वाढलेल्या दोन मोहांखाली, जोडमोहाखाली. लेकरू तिथेच झालं. रडलं नाही. तिनं ते पदर फाडून गुंडाळलं, हातानं उकरून तिथेच ठेवलं. पोडावर येऊन सांगितलं की नाल्यात पडले, पोट वाहून गेलं. पुढं मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. ती भावाकडे परत आली. देवानं शिक्षा केली असं धरून ती जगली.

"पोरगं होतं का पोरगी?" मी नको ते विचारलं.

"पाह्यची हिंमतच नाई झाली, बाई."

मी तिला परिणाम सांगितले. हे सगळ्यांसमोर येईल. पोडाचा नियम मला आता माहीत झाला होता. बनात पाय टाकलेल्या माणसाला शिवेच्या पूजेला उभं राहता येत नाही, त्याच्या हातचं कोणी घेत नाही, जन्मभर. आणि हा नियम लावणारा तिचा सख्खा भाऊ.

"मले किती दिस राहिले?" ती म्हणाली. "पोट्टीपाशी लय हायेत."

मी अर्ज केला. भुरीबाईनं शिवेवर उभं राहून यंत्रानं टिपलेलं बन ज्या पडद्यावर दिसत होतं त्यावर जोडमोह दाखवला आणि खेकडा दोनशे पावलं आत गेला. लेतू शेजारीच उभा होता. बहीण बोट कुठे दाखवते आहे हे बघितल्यावर तो हळूहळू वळला आणि पोडाकडे चालायला लागला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही, आणि ती ज्या चुलीवर त्याची भाकर भाजायची ती चूल दुसऱ्या दिवशी थंड होती.

सुनावणी नागपूरला झाली. मी म्हटलं, हा पुरावा आहे, बनात पोडाचा माणूस गेलेला आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे, न जाणं हीच या लोकांची वहिवाट आहे. कुंपण घालणाऱ्याचा ताबा तुम्ही मानता, मग पाय न ठेवून राखणाऱ्याचा का मानत नाही? मी चांगली बोलले. अध्यक्षांनी चष्मा काढून ऐकलं.

"पण ढवसबाई, हे जात नव्हते ते राखायचं म्हणून, की तिथे त्यांचा संबंधच नव्हता म्हणून, हे मातीवरून कसं ओळखायचं?"

"त्यांना विचारून, सर."

"तोंडी साक्ष?" ते म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तो दरवाजा तुम्हीच बंद करून घेतलात."

मग गोविलकर उठले. त्यांनी डॉक्टर इनामदारांना दोनच प्रश्न विचारले.

"जोडमोहाखाली काय मिळालं?"

"एका प्रौढ स्त्रीचे अंश, एका अर्भकाचे. नातं आई-मुलीचं. काळ पन्नास ते पंचावन्न वर्षं. शिवेपासून तिथपर्यंत सहा ठिकाणी त्याच स्त्रीच्या रक्ताचा माग आहे."

"एक मुलगी, एकदाच, एका दुपारी दोनशे पावलं चालून गेली, आणि यंत्रानं तिचं पाऊलन् पाऊल ओळखलं. मग एखादं अख्खं गाव तिथे पिढ्यान् पिढ्या वावरत असतं, तर ते यंत्राच्या नजरेतून सुटलं असतं का?"

डॉक्टर इनामदारांनी माझ्याकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे शेवटचा बाण उरला होता, यंत्र चुकू शकतं हा. तोसुद्धा मीच मोडून गोविलकरांच्या हातात दिला होता. भुरीबाईची आयुष्यभराची लपवलेली जखम मी कोर्टात उघडी केली, आणि तिचा उपयोग झाला तो यंत्राच्या खरेपणाचा दाखला म्हणून. गोविलकरांनी समारोप केला. "माझ्या विद्वान भगिनींचंच वाक्य आहे. माती खोटं बोलत नाही."

मागच्या बाकावर भुरीबाई उठून उभी राहिली. शिपाई तिला बसवायला धावला.

"डाक्टरीनबाई," तिनं तिथूनच विचारलं, "पोरगी होती म्हनता?"

"हो आजी. मुलगी."

भुरीबाई खाली बसली. बावन्न वर्षांत तिला मिळालेली ही पहिली बातमी होती. त्यानंतरच्या युक्तिवादात तिचं लक्ष नव्हतं.

निकाल बारा पानांचा. सदर क्षेत्र निर्मनुष्य असल्याचं निर्विवाद सिद्ध, म्हणून कोणाच्याही हक्कापासून मुक्त. जंगल म्हणून त्याची किंमत काय, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा, आणि त्या खात्यानं परवानगी आधीच दिलेली. मी वरच्या कोर्टात गेले, तिथे स्थगिती नाकारली गेली. मैनेचा खटला या निकालाला बांधलेला होता. तिला सात वर्षांची शिक्षा झाली.

कंपनीनं पोडाला आठ दिवसांची मुदत दिली, बनातल्या धार्मिक वस्तू हलवण्यासाठी. हलवण्यासारखं आत काही नव्हतं. आठव्या दिवशी सगळं पोड शिवेवर जमलं. भुरीबाई लांब, एका बाभळीखाली उभी होती. लेतूनं पूजा केली. मग कित्येक महिन्यांनी तो बहिणीशी बोलला, तोंड बनाकडेच ठेवून.

"अक्का, तुई पोरगी आत हाय. उद्या खोदाची मशीन येते. जा, घेऊन ये. तुलेच जाता येते."

ती गेली. आम्ही थांबलो. मला राहवेना. "अहो, उद्या इथे खड्डा असणार आहे," मी लोकांना म्हटलं. "इतकी वर्षं राखलंत, एकदा डोळ्यांनी तर बघा! आता कोण शिक्षा करणार तुम्हाला?"

कोणी हललं नाही. "उद्याचं उद्या," लेतू म्हणाला. "आज बन हाय ना."

मी चपला काढून एक पाय दगडापर्यंत नेला आणि मागे घेतला. हे सगळं बघून मला त्यांचा संतापही आला आणि मोठ्यानं रडावंसंही वाटलं. भुरीबाई पदरात माती घेऊन बाहेर आली. बायांनी तिला वाट करून दिली, पण शिवलं कोणी नाही. ती पदर पोटाशी धरून एकटीच पोडाकडे चालत गेली.

पुढच्या आठवड्यात मी तुरुंगात मैनेला भेटले. निकाल तिला माहीत होता. मी तिला आत्याची गोष्ट सांगितली, शिवेवरचा शेवटचा दिवस सांगितला. ती गजाला कपाळ लावून ऐकत होती.

"शेवटी कोनी आत गेलं का, बाई?"

"आत्या. बाकी कोणी नाही."

"मशीन येनार हे मालूम असून?"

"हो."

मैनेच्या चेहऱ्यावर समाधान आलं, माणसं शब्दाला जागली याचं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. ती वाचणारी, विचार करणारी मुलगी होती, आणि तिनं खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं,

"आमी कोनी त्याले हात नाई लावला. मंग ते आमचं काऊन नाई, बाई?"

निकालाचं बारावं पान माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तिचे गजावरचे हात धरून बसले.